स्वीडिशमध्ये प्रश्न आणि ‘इन’, ‘फॉर’, ‘ॲट’ वारंवार का चुकतात : कारण आणि उपाय

स्वीडनमध्ये येऊन काही वर्षे झालेल्या, स्थलांतरितांसाठीच्या ‘एसएफआय’ वर्गांतून स्वीडिश शिकून बाहेर पडलेल्या मराठी माणसांच्या लेखनातही काही चुका चिवटपणे टिकून राहतात. त्या बहुतेक दोनच ठिकाणी सापडतात. एक म्हणजे प्रश्न विचारताना, आणि दुसरे म्हणजे नामाच्या आधी येणारे ‘ई’, ‘पो’, ‘ओम’, ‘फ्योर’, ‘तिल’, ‘हुस’ यांसारखे छोटे शब्द निवडताना. क्रियापदांची रूपे पाठ असतात, शब्दसंग्रह पुरेसा असतो, तरीही वाक्य वाचणारा स्वीडिश माणूस क्षणभर थांबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न थांबता भलताच अर्थ घेऊन पुढे जातो.

एक उदाहरण नीट पाहू. घर उबदार ठेवणारा रेडिएटर गार पडला आहे आणि भाडेकरू कार्यालयातून घरमालकाच्या दुरुस्ती विभागाला निरोप लिहितो आहे. त्याला सांगायचे आहे की, मी तासाभराने घरी पोचेन, तेव्हा कोणाला तरी पाठवा. मनात इंग्रजीतले ‘इन ॲन अवर’ तयार असते, आणि ‘इन’ला स्वीडिशमध्ये ‘ई’ म्हणतात हे पहिल्याच आठवड्यात शिकलेले असते. म्हणून तो लिहितो : ‘याग कान वारा हेम्मा ई एन तिम्मे.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही चूक नाही, आणि खरी अडचण तीच आहे. या वाक्याचा अर्थ ‘मी तासभर घरी असू शकतो’ असा होतो. म्हणजे तो आत्ता घरी आहे आणि तासाभरानंतर नसेल, असे समजून कारागीर लगेच निघतो आणि त्याला बंद दार भेटते. हवे होते ते वाक्य एका शब्दाने वेगळे आहे : ‘याग कान वारा हेम्मा ओम एन तिम्मे.’

या चुकीचे कारण स्वीडिशच्या अवघडपणात नाही. आपण मराठीत विचार करतो, तो इंग्रजीत उतरवतो आणि मग इंग्रजी शब्दाच्या जागी स्वीडिश शब्द ठेवतो. या वळशात मराठीने स्पष्टपणे वेगळे ठेवलेले अर्थ इंग्रजीच्या एकाच शब्दात मिसळतात आणि स्वीडिशकडे पोचताना ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. ‘तासभर’, ‘तासाभराने’, ‘तासाभरात’ हे तीन अर्थ मराठी माणूस झोपेतही मिसळणार नाही, आणि स्वीडिश भाषाही ते मिसळत नाही. म्हणून निम्म्याहून अधिक चुकांवर उपाय एकच आहे : इंग्रजीला मध्ये न घेता मराठी अर्थावरून थेट स्वीडिशकडे जावे. उरलेल्या चुकांमध्ये मात्र मराठीही दगा देते, आणि त्या कोणत्या हे माहीत असणे तितकेच महत्त्वाचे आहे.

पुढे जाण्याआधी लिपीविषयी थोडे सांगतो. स्वीडिश शब्द येथे उच्चाराच्या जवळ जातील अशा बेताने देवनागरीत लिहिले आहेत. डोक्यावर छोटे वर्तुळ असलेले स्वीडिश अक्षर ‘ओ’ असे लिहिले आहे. दोन टिंबांचा ‘ओ’ मी ‘यो’ असा दाखवला आहे, पण त्यात वेगळा ‘य’ नाही. ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हटल्यास मूळ स्वर जवळपास साधतो. ‘यू’ असलेल्या काही शब्दांत, उदाहरणार्थ ‘त्यूक्केर’मध्ये, ओठ गोल ठेवून ‘ई’ म्हणावी.

काळाचे शब्द

सर्वाधिक नुकसान येथे होते, म्हणून येथे सावकाश थांबणे योग्य ठरेल. मराठीतले प्रत्यय समोर ठेवले की स्वीडिश रचना आपोआप जागेवर बसते. ‘तासभर’, ‘दोन वर्षे’ असा निव्वळ कालावधी असेल तर ‘ई’ : ‘याग हार बोत हॅर ई त्वो ओर’, मी येथे दोन वर्षे राहतो आहे. ‘तासाने’, ‘दोन वर्षांनी’ असा पुढचा क्षण असेल तर ‘ओम’ : ‘ओम त्वो ओर’. ‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणायचे असेल तर कालावधीच्या दोन्ही बाजूंना शब्द लागतात : ‘फ्योर त्वो ओर सेदान’. आणि एखादे काम पुरे व्हायला लागलेला वेळ, म्हणजे ‘मी पुस्तक दोन तासांत वाचले’ यातला ‘त’, सांगायचा असेल तर ‘पो’ : ‘पो त्वो तिम्मार’.

या शेवटच्या ‘पो’चा आणखी एक उपयोग आहे आणि तो मराठीशी चकित करणारा जुळतो. ‘मी दोन वर्षांत भारतात गेलेलो नाही’ असे नकारार्थी वाक्य असले की स्वीडिशमध्ये ‘ई’ चालत नाही, तेथेही ‘पो’च येतो : ‘याग हार इन्ते वारित ई इन्दियेन पो त्वो ओर.’ इंग्रजीतून येणारा माणूस येथे ‘फॉर टू इयर्स’ मनात धरून ‘फ्योर’ लिहितो. मराठीतून येणाऱ्याने ‘दोन वर्षांत’ मधला ‘त’ ऐकला तर त्याला नियम पाठ करण्याची गरजच नाही. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. ‘तासाभरात पोचतो’ म्हणताना आपला रोख तास संपायच्या आत पोचण्यावर असतो. त्या मुदतीसाठी ‘इनोम’ हा वेगळा शब्द आहे, ‘इनोम एन तिम्मे’.

याच जागी मराठीचा एक सापळाही आहे. आपण ‘राहतो आहे’ असे वर्तमानकाळात बोलतो, म्हणून ‘याग बूर हॅर ई त्वो ओर’ लिहिण्याचा मोह होतो. स्वीडिश वाचकाला हे ‘मी येथे एकूण दोन वर्षे राहणार आहे’ असे वाटू शकते. येथे क्रियापद ‘हार बोत’ असेच हवे, आणि या एका बाबतीत इंग्रजीची सवय उपयोगी पडते.

वारांच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही तोकड्या पडतात. ‘सोमवारी’ हा शब्द गेलेल्या आणि येणाऱ्या सोमवारसाठी सारखाच असतो; कोणता ते क्रियापदावरून कळते. स्वीडिशमध्ये येणारा सोमवार ‘पो मोन्दाग’, नुकताच गेलेला ‘ई मोन्दाग्स’, आणि दर सोमवार ‘पो मोन्दागार’. गेलेल्या वारासाठी ‘ई’ आणि शेवटचा ‘स’ या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात, त्यांतली एक गाळली तर वाक्य लंगडे होते. ऋतूंनाही हीच रीत लागू आहे : गेल्या उन्हाळ्यात म्हणजे ‘ई सोम्रास’, या उन्हाळ्यात म्हणजे ‘ई सोम्मार’. आपल्या ‘परवा’चेही तेथे दोन तुकडे होतात, कालच्या आधीचा दिवस ‘ई फ्योरगोर’ आणि उद्यानंतरचा ‘ई योवेरमोरोन’.

साल लिहिताना मात्र काहीच लिहू नये. ‘2019 मध्ये’ किंवा इंग्रजीतले ‘इन 2019’ यांच्या प्रभावाने ‘ई 2019’ लिहिण्याची चूक इतकी सर्रास होते की, परकी छाप ओळखण्याची ती जणू खूणच झाली आहे. स्वीडिशमध्ये नुसते ‘2019’ लिहितात, किंवा आधी ‘ओर’ जोडतात. महिन्याला मात्र ‘ई’ लागतो, ‘ई यानुआरी’. घड्याळाच्या वेळेलाही इंग्रजी ‘ॲट’चा प्रतिशब्द शोधू नये, ‘क्लोक्कान फेम’ म्हणजे पाच वाजता, बस.

वेळेच्या ओघात ‘हाल्व’ या शब्दाचा खुलासा करायलाच हवा, कारण ‘हूर दाक्स?’, म्हणजे ‘किती वाजता?’, या प्रश्नाच्या उत्तरात तो नेहमी येतो. ‘हाल्व फेम’ म्हणजे साडेपाच नव्हे, साडेचार. पाचव्या तासाचा अर्धा भाग झाला, अशी ती मोजणी आहे. मराठीत हीच मोजणी ‘अडीच’मध्ये दडलेली आहे, कारण तो शब्द ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दापासून आला, म्हणजे तिसरा अर्धा. ‘हाल्व त्रे’ला अडीच म्हणून लक्षात ठेवले की बाकीचे तास चुकत नाहीत.

‘दिवसातून तीनदा’, ‘आठवड्यातून एकदा’ यांत मराठीचा एकच ‘तून’ आहे, स्वीडिशमध्ये मात्र दिवस आणि वर्ष यांना ‘ओम’ लागतो, तर तास, आठवडा आणि महिना यांना ‘ई’ : ‘त्रे गोंगेर ओम दागेन’, ‘एन गोंग ई वेक्कान’, ‘एन गोंग ओम ओरेत’. यामागचे तर्कशास्त्र शोधण्यात वेळ घालवू नये. पाच जोड्या आहेत, त्या पाठ कराव्यात.

प्रश्नार्थक शब्द

इंग्रजी प्रश्नांत ‘डू’ आणि ‘डज’ सतत येतात आणि शिकणारा त्यांच्यासाठी स्वीडिश शब्द शोधत बसतो. तसा शब्द नाही. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात क्रियापद सर्वांत पुढे येते आणि कर्ता त्यामागे जातो : ‘तालार दू स्वेन्स्का?’, तू स्वीडिश बोलतोस का? मराठीतला ‘का’ शेवटी येतो आणि स्वीडिशचे क्रियापद सुरुवातीला येते, एवढाच बदल मनाला करायचा आहे. भविष्यकाळातही मराठी सरळ मदत करते. ‘उद्या येतोस का?’ असे आपण वर्तमानकाळातच विचारतो, आणि स्वीडिशही तसेच विचारते : ‘कोम्मेर दू ई मोरोन?’ इंग्रजीतले ‘विल यू कम’ डोक्यात असलेला माणूस ‘विल दू कोम्मा?’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘तुला यायची इच्छा आहे का?’ असा होतो. दिसायला इंग्रजीसारखा असलेला हा ‘विल’ इच्छेचा आहे. आणि कॉफी हवी का विचारताना त्याच्यामागे ‘हा’ लागतो, ‘विल दू हा काफ्फे?’, तो गाळल्यास वाक्य अपुरे राहते.

‘कुठे’ या प्रश्नासाठी स्वीडिशमध्ये तीन शब्द आहेत. एखादी वस्तू किंवा व्यक्ती कुठे आहे हे ‘वार’ने विचारतात, कुठे जाणार हे ‘वार्त’ने, आणि कुठून हे ‘वारीफ्रोन’ने. ‘कुठून’ मराठीत वेगळा आहे, त्यामुळे तो चुकत नाही. ‘कुठे आहेस’ आणि ‘कुठे चाललास’ यांत मात्र आपण फरक करत नाही, इंग्रजीही करत नाही, म्हणून पहिले दोन गोंधळतात. पडताळा सोपा आहे : उत्तरात ‘इकडे’ किंवा ‘तिकडे’ असा हालचालीचा शब्द बसत असेल तर ‘वार्त’ घ्यावा. याच फरकाने ‘हॅर’ म्हणजे इथे आणि ‘हीत’ म्हणजे इकडे, ‘हेम्मा’ म्हणजे घरी असणे आणि ‘हेम’ म्हणजे घरी जाणे अशा जोड्या बनल्या आहेत. ‘घरी’ या एका मराठी शब्दाने दोन्ही कामे होतात, त्यामुळे ‘याग ऍर हेम’ ही चूक आपल्याकडून फार होते. कानाने ओळखायचे असेल तर मध्य स्वीडनमध्ये ‘वार्त’मधला ‘र्त’ जीभ वळवून जवळजवळ आपल्या ‘ट’सारखा उच्चारला जातो, हे ध्यानात ठेवावे. बोलताना अनेक स्वीडिश लोकही स्थिर जागेसाठी ‘वार्त’ वापरतात. ते ऐकून नियम खोटा ठरला असे समजू नये, लेखनात ‘वार’च लिहावे.

‘नवा साहेब कसा आहे?’ हा प्रश्न इंग्रजीत ‘व्हॉट’ आणि ‘लाइक’ अशा दोन शब्दांनी विचारतात आणि त्या दोन्हींचे भाषांतर करण्याच्या नादात वाक्याची पार मोडतोड होते. मराठीतला ‘कसा’ म्हणजे सरळ ‘हूर’ : ‘हूर ऍर देन न्यूआ शेफेन?’ तसेच ‘हे कसले पुस्तक आहे?’ यातल्या ‘कसले’साठी ‘वाद’ आणि ‘फ्योर’ यांची जोडी आहे, ‘वाद ऍर दे फ्योर बूक?’. येथील ‘फ्योर’चा ‘साठी’शी काही संबंध नाही. यंत्र बिघडल्यावर किंवा दवाखान्यात हमखास ऐकू येणारे ‘वाद ऍर दे फ्योर फेल?’, म्हणजे ‘काय बिघडले आहे?’, हे याच साच्यातले वाक्य आहे. ‘कोणता’साठी ‘विल्केन’, ‘विल्केत’, ‘विल्का’ अशी तीन रूपे आहेत. इंग्रजीतल्या एकाच ‘व्हिच’वर वाढलेल्यांना ती जड जातात, पण ‘कोणता, कोणती, कोणते’ बोलणाऱ्या माणसाला लिंगवचनाप्रमाणे प्रश्नशब्द बदलण्याची सवय आधीपासूनच आहे. नाम कोणत्या लिंगाचे, एवढेच पाहावे लागते.

‘किती वेळ’ विचारताना दोन मार्ग आहेत. वेळ लागण्याविषयीचा प्रश्न असेल, म्हणजे क्रियापद ‘तार’ असेल, तर ‘हूर लोंग तीद तार दे?’. इतर वेळी ‘हूर लेंगे’ : ‘हूर लेंगे हार दू बोत हॅर?’. अंतरासाठी ‘हूर लोंग्त’ आहे. ‘किती’लाही मोजता येण्याजोग्या वस्तूंसाठी ‘हूर मोंगा’ आणि बाकीच्यांसाठी ‘हूर म्यूके’ असे दोन शब्द लागतात.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर हा गैरसमजाचा मोठा उगम आहे. ‘कोम्मेर दू इन्ते?’, तू येणार नाहीस का, असे कोणी विचारले आणि यायचे नसेल, तर मराठी माणूस सहज ‘हो, नाही येत’ म्हणतो आणि त्या ओघात ‘या’ असे स्वीडिश उत्तर देऊन बसतो. स्वीडिशमध्ये यायचे नसेल तर ‘नेय’ म्हणतात, आणि यायचे असेल तर ‘या’ न म्हणता ‘यू’ म्हणतात. हा ‘यू’ म्हणजे आपल्या ‘येणार की!’ मधला ‘की’. ‘तू येशील ना?’ या आपल्या ‘ना’साठीही स्वीडिशमध्ये एक छोटा शब्द आहे, ‘दू कोम्मेर वेल?’, तर वाक्य संपल्यावर वेगळे जोडलेले ‘हो की नाही?’ हे ‘एल्लेर हूर?’ होते. इंग्रजीतले ‘इजन्ट इट’, ‘डोन्ट यू’ यांची रूपे बदलत बसण्याची गरज येथे नाही.

विनंतीच्या प्रश्नांबद्दल एवढेच सांगतो की, ‘प्लीज’ला प्रतिशब्द शोधू नये. ‘द्याल का’ मधले आर्जव स्वीडिशमध्ये ‘स्कुल्ले दू कुन्ना’ या रचनेत येते, आणि दुकानात मागणीच्या शेवटी ‘ताक’, म्हणजे धन्यवाद, म्हटले की पुरते. आदर दाखवण्यासाठी ‘दू’, म्हणजे ‘तू’, टाळून ‘नी’, म्हणजे ‘तुम्ही’, वापरण्याचा मोह मराठी माणसाला होतोच. परंतु 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडनमध्ये सर्वांना ‘दू’ म्हणण्याची रीत रुळली. 1967 साली तेथील वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणण्याचे जाहीर केले, ते या बदलाचे प्रतीक मानले जाते. डॉक्टरांना ‘दू’ म्हणण्यात तेथे अनादर नाही, उलट एका व्यक्तीला ‘नी’ म्हटल्यास काही वयस्क लोकांना परकेपणा जाणवतो.

वाक्याच्या पोटातला प्रश्न

‘मीटिंग कुठे आहे ते सांगू शकाल का?’ अशा वाक्यात एक प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात असतो. भारतात रुळलेल्या इंग्रजीत आपण येथेही ‘व्हेअर इज द मीटिंग’ हाच क्रम ठेवतो आणि तोच स्वीडिशमध्ये येतो : ‘कान दू सेया वार ऍर म्योतेत?’. योग्य वाक्य ‘कान दू सेया वार म्योतेत ऍर?’ असे आहे. पोटातल्या प्रश्नात कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो, आणि ‘इन्ते’, म्हणजे ‘नाही’, असेल तर तोही क्रियापदाच्या आधी सरकतो : ‘याग उन्द्रार वार्फ्योर हान इन्ते कोम्मेर’, तो का येत नाही कोण जाणे. हो-नाहीचा प्रश्न पोटात घालायचा असेल तर ‘ओम’ हा जोडशब्द लागतो, ‘याग उन्द्रार ओम हान कोम्मेर’.

यापुढची पायरी अनेक अभ्यासक्रमांत घाईने उरकली जाते आणि म्हणून चांगले लिहिणारेही तेथे अडखळतात. पोटातल्या प्रश्नात प्रश्नशब्दच कर्ता असेल तर त्याच्यामागे ‘सोम’ घालावा लागतो. ‘तो कुठे राहतो मला माहीत नाही’ यात कर्ता ‘तो’ आहे, म्हणून ‘याग वेत इन्ते वार हान बूर’. ‘येथे कोण राहते मला माहीत नाही’ यात ‘कोण’ हाच कर्ता आहे, म्हणून ‘याग वेत इन्ते वेम सोम बूर हॅर’. ‘काय झाले तुला ठाऊक आहे का?’ हेही तसेच : ‘वेत दू वाद सोम हेन्दे?’. इंग्रजीत या ‘सोम’साठी काहीच नसते, त्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याला तो कधीच आठवत नाही. लिहून झाल्यावर पोटातला प्रश्न बोटाने दाखवावा आणि प्रश्नशब्दाच्या लगेच मागे क्रियापद आले आहे का ते पाहावे. आले असेल तर एक तर क्रम चुकला आहे किंवा ‘सोम’ राहिला आहे.

जागा आणि माणसे

‘ॲट’ या इंग्रजी शब्दाला स्वीडिशमध्ये एक उत्तर नाही. बँक, कार्यालय, वाचनालय, नोकरीची जागा यांना, तेथे चालणाऱ्या कामाच्या संदर्भात, ‘पो’ लागतो : ‘पो बांकेन’, ‘पो कोन्तूरेत’, ‘पो योब्बेत’. शाळेला मात्र ‘ई स्कूलान’. रस्त्याच्या नावाआधी ‘पो’ आणि गोटलँडसारख्या बेटाआधीही ‘पो’, तर देश आणि शहरांआधी सर्वसाधारणपणे ‘ई’. भाषेच्या नावाआधी इंग्रजी ‘इन’ म्हणते आणि मराठी ‘मध्ये’ म्हणते, दोन्हींवरून ‘ई’ सुचतो, पण ‘याला स्वीडिशमध्ये काय म्हणतात?’ हा प्रश्न ‘वाद हेतेर दे हॅर पो स्वेन्स्का?’ असा आहे. शिकणाऱ्याला हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारावा लागतो, म्हणून तो पहिल्यांदा घोटवावा.

माणसाच्या संदर्भात ‘हुस’ आहे, आणि येथे इंग्रजीकडे शब्दच नसल्याने इंग्रजीतून आलेले लोक धडपडतात. आपल्याला ‘कडे’ ठाऊक आहे. ‘मी मावशीकडे राहतो’ म्हणजे ‘याग बूर हुस मीन मुस्तेर’. ‘मी दातांच्या डॉक्टरकडे आहे’ म्हणजे ‘याग ऍर हुस तान्दलेकारेन’. (‘मुस्तेर’ ही मावशी आणि ‘फास्तेर’ ही आत्या, हेही आपल्याला इंग्रजीपेक्षा सोपे.) परंतु ‘कडे’वर पूर्ण विसंबू नये. ‘मावशीकडे जातो’ यात हालचाल आहे, म्हणून तेथे ‘तिल’ येतो, आणि ‘माझ्याकडे पैसे आहेत’ यात मालकी आहे, म्हणून तेथे ‘याग हार पेंगार’ असे साधे वाक्य करावे लागते.

‘ऑफ’च्या बाबतीत मराठीचे वळण जवळजवळ जसेच्या तसे चालते. ‘स्वीडनची राजधानी’ म्हणजे ‘स्वेरियेस हूवुदस्ताद’, मालक आधी आणि वस्तू नंतर. ‘एक कप कॉफी’ म्हणजे ‘एन कोप काफ्फे’, मध्ये काहीही नाही. येथे ‘ऑफ’च्या जागी ‘आव’ घालणाऱ्याच्या मनात नक्कीच इंग्रजी चालू असते.

‘बाय’चे चार अर्थ वेगळे करावे लागतात. बसने जाणे ‘मेद बुस’, कोणाकडून तरी केले जाणे ‘आव’, खिडकीपाशी असणे ‘वीद फ्योन्स्त्रेत’, आणि पाच वाजेपर्यंत काम देणे ‘सेनास्त क्लोक्कान फेम’. या शेवटच्या ठिकाणी ‘पर्यंत’ म्हणून ‘तिल’ लिहिल्यास, पाच वाजेपर्यंत ते काम करत राहायचे आहे असा अर्थ निघू शकतो.

क्रियापदाशी बांधलेले शब्द

आतापर्यंतचे शब्द अर्थावरून शोधता येत होते. काही अव्यये मात्र क्रियापदाने किंवा विशेषणाने बांधून घेतलेली असतात आणि त्यांना मराठीचाही आधार नाही. वाट पाहणे ‘वेन्ता पो’, एखाद्या गोष्टीकडे पाहणे ‘तित्ता पो’, ऐकणे ‘लिस्स्ना पो’, विश्वास ठेवणे ‘त्रू पो’, एखाद्या विषयात चांगले असणे ‘ब्रा पो’, एखाद्यावर रागावलेला ‘आर्य पो’. येथे एकाच ‘पो’ने इंग्रजीच्या अर्धा डझन शब्दांची जागा घेतली आहे. उलट, शोधणे ‘लेता एफ्तेर’, मागणे ‘बे ओम’, कोणाशी तरी विवाहित ‘यिफ्त मेद’, घाबरलेला ‘रेद फ्योर’, रस असलेला ‘इन्त्रेस्सेराद आव’. आपल्या ‘मला’चेही दोन मार्ग होतात : मला समजावून सांगणे ‘फ्योरक्लारा फ्योर मेय’ आणि मला म्हणणे ‘सेया तिल मेय’. यासाठी एकच शिस्त उपयोगी पडते. वहीत ‘वेन्ता’ असा एकटा शब्द कधीही लिहू नये, ‘वेन्ता पो’ असाच लिहावा आणि त्याच्यापुढे एक प्रश्नही लिहावा : ‘वाद वेन्तार दू पो?’. प्रश्नात हा ‘पो’ शेवटी जातो. आपण ‘कशाची वाट पाहतोस?’ असे म्हणतो, त्यात शेवटी काही उरत नाही, म्हणून तो गळण्याची शक्यता जास्त असते.

‘त्यूक्का ओम’ हा या गटातला सर्वांत नाजूक शब्द आहे. ‘ओम’वर आघात दिला तर आवडणे असा अर्थ होतो, आणि ‘त्यूक्का’वर आघात दिला तर एखाद्या गोष्टीबद्दल मत असणे. ‘त्यूक्केर दू ओम बूकेन?’ म्हणजे तुला पुस्तक आवडते का, आणि ‘वाद त्यूक्केर दू ओम बूकेन?’ म्हणजे पुस्तकाबद्दल तुझे मत काय. लेखनात पुढच्या ‘वाद’मुळे अर्थ स्पष्ट होतो, बोलताना मात्र आघात चुकला तर ऐकणारा गोंधळतो.

तपासणी कशी करावी

शंका आल्यावर तुटक शब्दगट अनुवादयंत्रात घालू नये. ‘फॉर टू इयर्स’ एवढेच दिले तर होकारार्थी वाक्यातला ‘ई’ हवा की नकारार्थी वाक्यातला ‘पो’, हे त्याला कळायला मार्ग नसतो. 1786 साली स्थापन झालेल्या स्वीडिश अकादमीचे शब्दकोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, आणि त्यांतल्या ‘एसओ’ या अर्थकोशात क्रियापदाबरोबर कोणते अव्यय येते हे दाखवलेले असते. दोन रचनांमध्ये निवड करायची असेल तर गॉथेनबर्ग विद्यापीठातील ‘स्प्रोकबांकेन’चे ‘कोर्प’ हे शोधसाधन अधिक उपयोगी आहे, कारण त्यात वर्तमानपत्रे, कादंबऱ्या आणि इतर खऱ्या लेखनातली वाक्ये साठवलेली आहेत. तेथे ‘इन्त्रेस्सेराद आव’ आणि ‘इन्त्रेस्सेराद ई’ हे दोन्ही शोधावेत आणि केवळ आकडा न पाहता दहा-बारा वाक्ये प्रत्यक्ष वाचावीत; दुसऱ्या शोधात सापडलेल्या वाक्यांतला ‘ई’ कधी कधी पुढच्या जागेचा किंवा काळाचा असतो आणि विशेषणाशी त्याचा संबंध नसतो. जे वाक्य आपल्या हेतूशी जुळते, ते पूर्ण वाक्य वहीत उतरवून घ्यावे.